गणपती ते संक्रांत: आपल्या विचारांना धरून सण कसे साजरे करावेत

भिंतीवर फुले-आंबेडकरांच्या तसबिरी, आणि त्याच घरच्या हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावरच्या विधवा काकूंना बोलावणं नाही. मोर्चात समतेच्या घोषणा देणारा बाप गौरीजेवणाच्या दिवशी बाहेर पेपर वाचत बसलेला, आणि आत चार बायका पहाटेपासून पुरण वाटतायत. अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. वर्षभर जपलेले विचार सणाच्या आठवड्यात बाजूला ठेवले जातात, कारण सण ही घरची बाब, तिथे राजकारण कशाला, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. कुणी राबायचं, कुणाला पाटावर बसवायचं, कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं, हे ठरवणं म्हणजेच राजकारण. आणि सणाइतकं ते उघडपणे दुसऱ्या कुठल्या दिवशी ठरत नाही.

हा लेख समतेचा विचार मानणाऱ्या मराठी घरांसाठी आहे. काही घरं देव मानणारी असतील, काही न मानणारी, बहुतेक अर्धीअर्धी. सण बंद करा असं मी सांगणार नाही. लेकी माहेरी येतात, चाकरमानी कोकणात गावाला पोचतात, वर्षभर न बोललेली भावंडं एका ताटाभोवती बसतात. हे फार मोलाचं आहे. ते टिकवून त्यातला अन्याय कसा काढायचा, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरं अगदी व्यवहारातली आहेत.

पायरी १: मूल्यं कागदावर उतरवा

‘आम्ही पुरोगामी आहोत’ एवढ्याने काही बदलत नाही. नेमकं काय मानतो ते लिहून काढा. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर संविधान काढा. १९७६ साली घातलेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं, नद्या-तळी-वनांचं रक्षण करणं, वैज्ञानिक दृष्टी वाढवणं, धर्म-भाषा-प्रदेशांच्या पलीकडचा बंधुभाव जोपासणं ही त्यातलीच. अस्पृश्यता संपवणारा अनुच्छेद १७ त्याला जोडा. ही यादी कुठल्या पक्षाची नाही. घरात दुसऱ्या पक्षाला मत देणारा मोठा भाऊ असला, तरी या कागदावर त्याच्याशी बोलता येतं.

मग प्रत्येक सणाला तीन प्रश्न लावा. यात राबतं कोण? बाहेर कोण राहतं? पैसा आणि कचरा कुठे जातो? उत्तरं लिहा, नावानिशी लिहा.

या यादीतून पहिल्या वर्षी फक्त दोन बदल निवडा. माझी शिफारस कामाची वाटणी आणि आमंत्रण या दोन विषयांची आहे. मूर्ती शाडूची आणणं, आरास कागदाची करणं सोपं असतं. त्यात कुणाची सत्ता जात नाही. म्हणून बहुतेक घरं तिथून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

पायरी २: बोलणी आषाढात करा

गणपतीच्या आदल्या रात्री तत्त्वाचा वाद काढू नये. त्या वेळी घरातली प्रत्येक बाई दमलेली असते, सामान आलेलं असतं, गुरुजींना सांगून झालेलं असतं. तेव्हा काढलेला मुद्दा कितीही न्याय्य असला तरी तो ऐनवेळचा खोडा ठरतो. सणाआधी दीड-दोन महिने, निवांत रविवारी, चहावर बोला. ज्यांच्या हातात सण आहे त्यांच्याशी आधी एकेकटं बोला. बहुतेक घरांत ती आई, सासूबाई किंवा मोठी काकू असते. सगळ्यांदेखत ठराव मांडला तर त्यांना आपल्या इतक्या वर्षांच्या कष्टांवर बोट ठेवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं चूक नाही.

वाक्यं साधी ठेवा. ‘आई, यंदा तुम्ही आरतीला सगळ्यांबरोबर बाहेर उभ्या राहायला हव्यात. दर वर्षी तुम्ही नैवेद्य वाढण्यातच असता. काय कमी केलं तर ते जमेल, सांगा.’ इथे तुम्ही त्यांची परंपरा काढून घेत नाही, त्यांची जागा मागता आहात. ‘काका, देवाला जाणवं-सोवळं लागतं की आपल्याला, यावर मला तुमच्याशी बोलायचंय, पण आज ठरवायची घाई नाही’ असंही म्हणता येतं. जुन्या माणसांना विचार करायला वेळ मिळाला की ती आपण समजतो त्याहून जास्त पुढे येतात.

‘पूर्वीपासून असंच चालत आलंय’ हे उत्तर येणारच. त्याला इतिहासाचंच उत्तर द्या. सार्वजनिक गणपती पुण्यात भाऊसाहेब रंगारींनी १८९२ साली बसवला, पुढच्या एक-दोन वर्षांत लोकमान्य टिळकांनी त्याचा प्रसार केला. म्हणजे हा सणच राजकीय हेतूने घडवलेला आहे. १९२० च्या दशकात दादरच्या सार्वजनिक गणपतीत अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे आणि रावबहादूर बोले यांनी वाद घातला, आणि त्यानंतर दादरला सार्वजनिक नवरात्र सुरू झालं. बळीचं तर काय सांगावं! ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ हे आपल्या आज्या दर पाडव्याला म्हणत आल्या. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त तो बळी शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून पुन्हा उभा केला. सणांचा अर्थ कायम कुणीतरी बदलत आलेलं आहे. आपण त्याच रांगेत उभे आहोत.

पायरी ३: कामाची वही करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे.

एक वही घ्या आणि सणाची सगळी कामं लिहा. ‘फराळ’ हा एक शब्द लिहून चालणार नाही. अनारसे लिहिले तर त्याआधी तांदूळ तीन दिवस भिजत घालणं, रोज पाणी बदलणं, सावलीत सुकवणं, दळणं, चाळणं, गूळ घालून पीठ मुरवत ठेवणं हेही लिहा. चकलीच्या आधी भाजणी आहे. करंजीच्या आधी खोबरं किसणं आहे. गौरीच्या दोन दिवसांत साड्यांना इस्त्री, मुखवटे उजळणं, फुलं, सोळा भाज्यांची खरेदी आणि निवडणं, पाहुण्यांच्या गाद्या, नंतरची भांडी. शिवाय कुणाला काय द्यायचं, कुणाला पथ्य आहे, कोण कुणाच्या शेजारी बसणार नाही, हे सगळं डोक्यात वागवणं हेसुद्धा काम आहे. तेही लिहा.

आता प्रत्येक कामापुढे गेल्या वर्षी ते कुणी केलं त्याचं नाव टाका. नावं टाकून झाल्यावर फारसं भाषण करावं लागत नाही.

वाटणी करताना पुरुषांना ‘मदत’ नको, जबाबदारी द्या. चकल्या तुमच्याकडे म्हणजे भाजणी दळून आणण्यापासून डबे भरण्यापर्यंत तुमच्याकडे. मध्ये कुणी आठवण करणार नाही. पहिल्या वर्षी चकली तेलात विरघळेल, मोदकाची कळी फुटेल. खा तशीच. कौतुकाचा पाऊसही पाडू नका, कारण तेच काम चाळीस वर्षं करणाऱ्या बाईचं कुणी कौतुक केलेलं नसतं. जे कुणालाच करायचं नाही ते यादीतून काढा. सात पदार्थांऐवजी तीन झाले तर दिवाळी कमी होत नाही.

पंगतीचा नियम एकच: ज्यांनी रांधलं ते शेवटी जेवणार नाहीत. सगळे एकत्र बसा, अन्न मध्ये ठेवा, ज्याने त्याने वाढून घ्या. जागा नसेल आणि दोन पंगती करायच्याच असतील तर पहिली स्वयंपाक करणाऱ्यांची. घरातल्या मोठ्या पुरुषांनी स्वतः वाढायला उभं राहावं. मुलं ते बघत असतात.

आणि पाळी. गणपती-गौरीच्या दिवसांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्या घराघरांत घेतल्या जातात. औषधाच्या दुकानात आधीच त्या मागून ठेवल्या जातात. त्या हार्मोनच्या गोळ्या आहेत, डॉक्टरांना न विचारता घेण्याजोग्या नाहीत, आणि देवाच्या नावावर तर मुळीच नाहीत. बोलणी चालू असतानाच घरात स्पष्ट सांगून टाका: ‘आपल्याकडे पाळी आलेली बाई पूजेला बसते, स्वयंपाकाला हात लावते, आरती करते. कुणी गोळी घ्यायची नाही.’ हे वाक्य घरातल्या पुरुषाने म्हटलं तर सून, लेक, भाची यांच्यावरचं फार मोठं ओझं उतरतं. आत्याबाईंना चालणार नसेल तर त्यांचा पाट वेगळा मांडता येईल, मुलीला वेगळं बसवायचं नाही.

पायरी ४: आमंत्रणाची यादी बदला

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हे करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एका गावाला जे जमलं ते आपल्या सोसायटीला, आपल्या घराला जमायला हरकत नाही.

हळदीकुंकू मी बंद करा म्हणणार नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा तो काळ कित्येक बायकांना घराबाहेर पडून एकमेकींकडे बसण्याची एकमेव मोकळीक देतो. पण त्याचं दार बदला. नाव ‘तिळगुळाचा कार्यक्रम’ असं द्या आणि निरोपातच लिहा की सगळ्या बायकांनी यायचं आहे. तेवढ्याने विधवा बाई येत नाही, कारण आजवर ती अशा निरोपांतून वगळली गेली आहे. तिच्याकडे स्वतः जा, आणि यादीत सगळ्यांच्या आधी जा. ‘काकू, पहिला तिळगूळ तुमच्या हातून वाटायचाय, तुम्ही आलात तरच सुरू करू.’ अविवाहित, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेल्या, मुसलमान आणि ख्रिस्ती शेजारणी, तृतीयपंथी ओळखीची व्यक्ती, घरकामाला येणाऱ्या ताई, सगळ्यांना तसंच.

कार्यक्रमात एक गोष्ट कटाक्षाने पाळा. कुंकू लावण्याआधी प्रत्येकीला विचारा, ‘लावू का?’ फक्त विधवेला विचारलंत तर तिला पुन्हा वेगळं काढल्यासारखं होतं. ज्यांना नको त्यांना फूल द्या, अत्तर लावा. एखादी वयस्कर बाई शेवटच्या क्षणी मागे सरेल, डोळ्यांत पाणी येईल. तिला गर्दीत आग्रह करू नका, शेजारी बसा. पुढच्या वर्षी ती येईल. वाण प्लॅस्टिकच्या डब्या-गाळण्यांचं देण्यापेक्षा बियांची पुडी, कापडी पिशवी, छोटं पुस्तक, बचत गटाची चटणी असं काही द्या. महिला हेल्पलाइन १८१ चा क्रमांक छापलेला कागद त्यासोबत ठेवा. तो कुणाच्या पदरात कधी उपयोगी पडेल हे आपल्याला कळत नाही.

जेवणाचंही आमंत्रणाइतकंच राजकारण आहे. ‘शुद्ध, सात्त्विक, सोवळ्यातलं’ हेच सणाचं खरं अन्न असं मानलं की बाकी सगळ्यांची चूल खालची ठरते. कोकणात कितीतरी घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, वडे-सागुती असते. तीही तितकीच जुनी परंपरा आहे. शाकाहारी घराने मटण करावं असं नाही. दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडायचं नाही, ईदेच्या शिरखुर्म्याला आणि नाताळच्या फराळाला आवर्जून जायचं, आणि जातीमुळे ज्यांच्या घरी आजी-आजोबा कधी जेवले नाहीत त्यांच्याकडे या वर्षी जेवायला जायचं. बोलावणं सोपं असतं. जाऊन जेवणं अवघड, आणि जास्त गरजेचं.

पायरी ५: मूर्ती, आरास, विसर्जन

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, आणि तिच्या रंगांनी पाणी खराब होतं. शाडू विरघळते, पण शाडूही जमिनीतून खणूनच आणावी लागते, आणि एका ओढ्यात शेकडो मूर्तींची माती गेली तर गाळ साचतोच. म्हणून माझा पसंतीक्रम असा: घरातली धातूची किंवा दगडाची मूर्ती दर वर्षी तीच, विसर्जनाला फक्त सुपारी किंवा मूठभर मातीचा गोळा, ते नको असेल तर आपल्याच अंगणातल्या मातीची हातभर नाही, वीतभर मूर्ती, मग शाडू. शाडू आणलीत तर बादलीत विसर्जन करा आणि माती परत द्या. पुण्यात ‘पुनरावर्तन’ मोहिमेत विसर्जनानंतरची शाडू गोळा करून मूर्तिकारांना पुन्हा वापरायला देतात. आपल्या गावात तसं काही नसेल तर एखाद्या मूर्तिकाराला विचारा, बहुतेक जण माती घेतात.

मूर्तिकारांचा विषय निघाला म्हणून: पेणसारख्या ठिकाणी हजारो हातांचं वर्षाचं पोट या धंद्यावर आहे. पर्यावरणाच्या बाजूने बोलताना त्यांना खलनायक करू नका. शाडूची मूर्ती जड असते, वाळायला वेळ घेते, वाहतुकीत तुटते, म्हणून महाग पडते. तिची किंमत पाडून मागू नका, आणि मे-जूनमध्येच अर्धे पैसे आगाऊ देऊन मागणी नोंदवा. कारागिराला साधन बदलायला भांडवल लागतं. ते आपल्या आगाऊ पैशांतून थोडंफार उभं राहतं.

घरात आधीच प्लॅस्टरची मूर्ती आली असेल तर घाबरू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर सोपी रीत काढली आहे. मूर्ती पूर्ण बुडेल एवढी बादली किंवा पिंप घ्या. फुलं, कापड, दागिने सगळं काढा. मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात मिसळा. हा बेकरीत वापरतात तो सोडा, घरातला खायचा सोडा चालत नाही. मूर्ती ठेवा, दर दोन-तीन तासांनी ढवळत राहा. लहान मूर्ती साधारण दोन दिवसांत विरघळते, मोठीला जास्त वेळ लागतो. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली गच्चीत किंवा अंगणात ठेवा, लहान मुलांपासून दूर. वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे खतच. भरपूर पाणी घालून बागेला द्या. खाली चुन्यासारखा साका उरतो. पुण्यात महापालिका हे रसायन मोफत देत आली आहे, आपल्या प्रभाग कार्यालयात चौकशी करा.

ज्यांना नदीवर जायचंच आहे त्यांनी हौद किंवा मूर्तिदान निवडावं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस) ‘विसर्जित गणपती दान करा’ ही मोहीम सुरू केली तेव्हा कार्यकर्त्यांना घाटावर शिव्या खाव्या लागल्या. आज महापालिकाच हौद बांधतात. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. ज्या गोष्टीसाठी त्यांना धर्मद्रोही म्हटलं गेलं, ती आता सरकारी सूचना म्हणून छापून येते. घाटावर निर्माल्य गोळा करायला दोन तास उभे राहा. त्या दोन तासांत लोकांशी जे बोलणं होतं ते वर्षभराच्या पोस्टमध्ये होत नाही.

आरास थर्माकोलची नको; राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे. गोव्यातली माटोळी बघा: गणपतीच्या डोक्यावर रानफळं, वेली, सुपारीचे घड बांधतात. मुलांना परिसरातल्या पाच वनस्पती ओळखून आणायला सांगा आणि तशी छोटी माटोळी बांधा. दसऱ्यालाही आपट्याच्या फांद्या ओरबाडण्यापेक्षा एकेक पान किंवा आपट्याचं रोप द्या.

पायरी ६: मंडळात शिरा

वर्गणी मागायला आलेल्या पोरांना दारातून कटवणं आणि मग दहा दिवस आवाजाला शिव्या घालणं, ही मध्यमवर्गाची जुनी सवय आहे. ती सोडा. वर्गणी द्या, पावती घ्या, सभासद व्हा आणि सभेला जा. सार्वजनिक वर्गणी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. हे सभेत शांतपणे विचारा. आरोप म्हणून विचारू नका, ‘हिशेब फळ्यावर लावला तर वर्गणी वाढेल’ असं सांगा. ते खरंही आहे.

आवाजाचे नियम तोंडपाठ ठेवा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. हे नियम मशिदीला, मंडळाला, जयंतीच्या मिरवणुकीला आणि लग्नाच्या वरातीला सारखेच आहेत. आपल्या बाजूच्या मिरवणुकीला सूट आणि दुसऱ्याच्या भोंग्यावर तक्रार, असं करू नका. आंबेडकर जयंतीला कितीतरी वस्त्यांमध्ये १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. हे उदाहरण मंडळाच्या सभेत आवर्जून सांगा.

मंडळात मागायच्या गोष्टी ठोस हव्यात: एका दिवशीची आरती सफाई कामगारांच्या हस्ते, एक दिवस वस्तीतल्या मुलींच्या हातात ढोल, समितीत निम्म्या बायका, देखाव्यात कुठल्याही समाजाची खिल्ली नाही. यातलं एक मान्य झालं तरी त्या वर्षापुरतं ठीक.

पायरी ७: दिवाळीचा पैसा

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणी पुजतो. शिंदीच्या पानांची ती केरसुणी पिढ्यानपिढ्या मातंग समाजाच्या हातांनी बांधली. झाडूला हळदकुंकू वाहायचं आणि झाडणाऱ्या माणसाला कपात पाणीही द्यायचं नाही, हा विसंगतपणा आपल्या घरात संपवता येतो. केरसुणी बनवणाऱ्याकडूनच घ्या, घासाघीस न करता. आणि पाडव्याच्या पहाटे रस्त्यावर फटाक्यांच्या कागदाचा खच कुणीतरी उचलणार आहे, हे लक्षात ठेवून तो करूच नका.

घरकामाच्या ताईंना बोनस किती, यावर दर दिवाळीत चर्चा होते. बोनसच्या कायद्यात किमान दर ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा भाग, म्हणजेच एक महिन्याचा पगार. हा कायदा घरकामाला लागू होत नाही, पण माप म्हणून तो चोख आहे. महिन्याचा पगार रोख द्या, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी द्या म्हणजे त्यांनाही खरेदी करता येईल. जुनी साडी किंवा उरलेला फराळ बोनसमध्ये धरू नका. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज पगारी सुट्टी. त्यांच्या घरीही दिवाळी असते.

खरेदीची यादी करताना प्रत्येक ओळीपुढे पैसा कुणाकडे जातो ते लिहा. फराळ विकतचा असेल तर बचत गटाचा, गूळ-तांदूळ-तीळ शेतकऱ्यांच्या गटाकडून, कापड हातमागाचं, आकाशकंदील बांबू-कागदाचा. सगळं जमणार नाही, महागही पडतं. दोन ओळी बदला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. फराळातली साखर त्यांच्या कोयत्यातून येते. त्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं चालतात. फटाक्यांचे वाचलेले पैसे तिकडे पाठवायला चांगली जागा आहे.

पाडव्याला बायकोने ओवाळायचं आणि नवऱ्याने ओवाळणी घालायची, तर दोघांनी एकमेकांना ओवाळा. भाऊबीजेला बहिणी बहिणींना ओवाळू शकतात. यावर फार चर्चाही करू नका, करून टाका.

पायरी ८: आपले दिवस जोडा

नुसतं काढत गेलात तर मुलांना सण रिकामा वाटेल. जोडायला आपल्याकडे भरपूर आहे. २४ सप्टेंबर हा सत्यशोधक समाजाचा स्थापना दिवस (१८७३). १४ ऑक्टोबरला १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा जन्मदिवस. २५ डिसेंबरचा दिवस तर विलक्षण आहे: १८७३ मध्ये याच तारखेला पहिला सत्यशोधक विवाह झाला आणि १९२७ मध्ये याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या दिवशी संध्याकाळी नाताळचा केक आणा, ख्रिस्ती मित्रांना बोलवा, आणि मुलांना महाडची गोष्ट सांगा. प्रत्येक दिवसाला एक ठरलेला पदार्थ, एक गाणं, एक पाहुणा असू द्या. सण हाताने, जिभेने लक्षात राहतात, भाषणाने नाही.

आपली सुधारणा आपल्याच परंपरेत करावी हेही मुलांना सांगा. मुस्लिम सत्यशोधक मंडळ हमीद दलवाईंनी १९७० साली स्थापन केलं. त्याचे कार्यकर्ते बकरी ईदेला रक्तदान करतात. हिंदू घरातल्या माणसाने ईदेवर टीका करण्याआधी आपल्या होळीकडे बघावं. ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ ही अंनिसची हाक त्यासाठीच आहे.

पायरी ९: भांडण झालं तर

होणार. फराळाच्या ताटाभोवती कुणीतरी एखाद्या जातीबद्दल किंवा धर्माबद्दल वाईट बोलेल. राजकारणावर बंदी घालू नका. पक्ष, नेते, निवडणूक यावर कितीही भांडा. एकच रेघ आखा: माणसांच्या समूहाला हीन लेखणारं बोलणं मुलांसमोर अडवलं जाईल. ‘मामा, तुमचा राग समजतो, पण असं या घरात बोलायचं नाही’ एवढं पुरे. आवाज चढवू नका, आकडेवारी काढू नका, आणि विषय बदलून उठून ताट वाढायला जा. नंतर फोन करा. मामांशी नातं तोडू नका, कारण त्यांच्याशी बोलू शकणारं घरात दुसरं कुणी नसेल.

दोन बदलांपैकी एकच पार पडला, किंवा आईने ऐनवेळी जुन्याच पद्धतीने केलं, तर त्या दिवशी काही बोलू नका. सण संपल्यावर आठवड्याभरात कामाची वही घेऊन सगळे बसा. नावांच्या रकान्यात काय बदललं, कोण दमलं, कोण आलं नाही, किती पैसे कुठे गेले ते लिहा. ज्या बाईने सगळ्यात जास्त काम केलं तिने पुढच्या वर्षीचे दोन बदल निवडायचे, आणि वहीच्या पहिल्या पानावर पुढच्या आषाढातली बोलणीची तारीख टाकून ठेवायची.